कॅसेट चौदा, बाजू ब

पुठ्ठ्याच्या खोक्यावर कोणाचं तरी तिरकं अक्षर:
खडी गंमत, मंडई, पिंपळबोडी, कार्तिक.
साल पुसट. शेवटचा आकडा चार असेल, नाहीतर नऊ.
नाच्या: शालिक कोवे. ढोलकी: बिसन नेवारे.
शेरा: ध्वनी स्पष्ट. नाच नोंदवता आला नाही.

नोंदवता आला नाही.
हे वाक्य मी नागपूरच्या त्या गार खोलीत
पांढरे हातमोजे घालून तीनदा वाचलं.

टेप फिरते. आधी खोकला, मग पोरांचा कालवा,
कोणी ओरडतो, "बत्ती वर करा बे!"
शाहीर घाईघाईनं गण आवरतो
आणि गाणं थांबतं.
नुसते घुंगरू.
अकरा सेकंद.
सात ठोके सरळ. आठवा जागेवर नाही.
आठवा उशिरा येतो,
बंडीचं चाक धुऱ्यावर चढून
जरासं अडून पलीकडे पडावं, तसा.

सूचीत तिथं लाल पेन्सिल: चूक? टेप ताणली?

ते अकरा सेकंद पायांत घेऊन मी महिनाभर हिंडले.
फरशीवर बसवले, आरशापुढे बसवले.
आठवा कधी लवकर यायचा, कधी वेळेवर.
उशिरा आणला की खोटा वाटायचा,
पाठ केलेल्या हसण्यासारखा.

शेवटी साकोलीच्या पुढे, दोन जीपा बदलून.
धान कापून झालेलं, बांध्यांत नुसते खुंट,
बोडीच्या पाण्यात म्हशींच्या पाठी.
बिसनबुवा छपरीतल्या खाटेवर बसून
बिडीचं बंडल मोजत होते.
मोबाईल कानाशी धरला. ऐकलं.
पहिलं वाक्य असं आलं:
"ज्यानं हा टेप भरला ना, त्यानं माझा कंदील नेला."
मग म्हणाले, पुन्हा लाव.
मग, पुन्हा.
चौथ्यांदा आठव्या ठोक्यावर हसले आणि हसता हसता ठसकले.

"चूक नाही वो बाई. तठी मोहाचा जारवा होता.
आखरावर, मातीच्या वर आलेला, हा असा, मनगटाएवढा.
शालिक लुगडा सावरून त्याच्यावरून पाय टाके.
तेवढा मी थांबो.
मंग दुसऱ्या गावाले गेलो. तठी कायचा जारवा?
तरी गडी पाय उचले.
मीबी थांबो."

आखरावर आता सिमेंट आहे.
मोह कापला त्याला बारा वर्षं झाली,
त्या जागी हातपंप, आणि स्टंप म्हणून उभी केलेली
एक फुटकी खुर्ची.
दुसऱ्या, धड खुर्चीत बिसनबुवांना
चार पोरांनी उचलून आणलं.
ढोलकीची शाई उंदरांनी खाल्लेली,
म्हणून त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं ठेवली.

मी घुंगरू बांधले. क्रिकेट थांबलं, कुरकुरत.

सात सरळ.
आणि तिथं, जिथं काहीच नव्हतं,
लुगडं नव्हतं म्हणून ओढणी सावरली
आणि पाय उचलला.

"अजून वर," बुवा म्हणाले. "ठेस लागन."

अजून वर.
आठवा उशिरा आला.
आणायला लागला नाही.

माझ्यामागे सातवीतली लतिका मडावी,
तिच्यामागे तिचा भाऊ हातात बॅट घेऊनच,
मग तीन-चार जण, एकमेकांना ढकलत.
सगळे त्याच जागी पाय उचलून पलीकडे.
एक लहानगा मुद्दाम अडखळून पडला,
तो खरंच पडल्यासारखा पडला,
आणि बुवांनी त्याच्यासाठी एक ठोका जास्त थांबून घेतला.

परत गेल्यावर लाल पेन्सिल खोडरबरानं पुसली.
शेऱ्याच्या रकान्यात जागा कमी होती, दोनच गोष्टी मावल्या:
आठव्या ठोक्याखाली मोहाचं मूळ.
संस्थेकडून येणे: कंदील, एक. बिसन नेवारे यांस.